वाघनखं दिसली, बाया दिसल्या नाहीत

१९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं, वृत्तवाहिन्यांनी थेट प्रक्षेपण केलं, शाळांच्या सहली लागल्या. तेव्हा वाद झाला तो एकाच मुद्द्यावर: ही नखं खरोखर महाराजांचीच का? ती इंग्लंडला गेली जेम्स ग्रँट डफकडून. मराठेशाही बुडाल्यावर, १८१८ नंतर, हा साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. अफजलखानाविरुद्ध वापरलेली नखं हीच, असं खात्रीने सांगता येत नाही, हे खुद्द लंडनच्या संग्रहालयानेच नोंदवून ठेवलं आहे.

मला त्या वादात शिरायचं नाही. नखं तीच असोत किंवा नसोत, काचेसमोर उभ्या राहिलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आणि पोरीला त्यातून काय शिकायला मिळतं, हा माझा प्रश्न आहे. कारण मी मिरजेची आहे, आणि त्या एका प्रसंगाच्या चित्राने माझ्या गावात काय केलं ते मी पाहिलं आहे.

पाठ झालेलं चित्र

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाचा पायथा, शामियाना, धिप्पाड खान, त्याच्या मिठीत महाराज आणि पोटात घुसलेली नखं. सातारा-सांगली भागात हे चित्र पाहिलं नाही असा माणूस सापडणार नाही. ते कॅलेंडरवर आहे, टेम्पोच्या मागे आहे, गणपतीच्या देखाव्यात आहे, आणि आता मोबाइलच्या स्टेटसवर आहे. आपल्याकडे रणगाड्यांचं संग्रहालय आहे ते अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला. सातारा-सांगलीत तसं काही नाही. पण युद्ध कसं असतं, शूर कोण, शत्रू कोण, हे ठरवणारं एक संग्रहालय इथे भिंती नसतानाही चालू आहे, आणि त्यात मुख्य वस्तू एकच आहे: हे चित्र.

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या स्वागत कमानीवर हेच चित्र लागलं. त्याला हरकत घेतली गेली, मग दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोचलं. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, हेही सगळ्यांना आठवत असेल. तेव्हापासून आमच्याकडे गणपती जवळ आले की घराघरात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: यंदा कमानीवर काय आहे?

या चित्राला आपलं एक ठरलेलं उत्तर आहे आणि ते खरं आहे. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते. ती दोन राजसत्तांची लढाई होती, दोन धर्मांची नव्हती. मेल्यावर वैर संपतं म्हणून महाराजांनी खानाचं दफन इतमामाने करवलं. ही मांडणी आपल्या चळवळीतल्या मोठ्यांनी पन्नास वर्षं केली आहे, मीही व्याख्यानांतून करते, आणि करत राहीन.

पण या उत्तराला एक मर्यादा आहे. ते फक्त धर्माच्या प्रश्नाचं उत्तर देतं. चित्रातला दुसरा धडा ते तसाच सोडून देतं: मर्द तो, जो वार करतो. सिद्दी इब्राहिमचं नाव सांगून आपण म्हणतो, ‘आमचा माणूसही वार करणाऱ्यांच्या बाजूला होता.’ चौकट तीच राहते, आपण फक्त तिच्यात आपल्यासाठी जागा मागतो.

चित्रात बाई असते तेव्हा

या युद्धकथांमध्ये बायका नसतात असं नाही. त्यांना कामं ठरवून दिलेली असतात.

पहिली, पाठवणारी आई. जिजाऊंनी पुणे जहागिरीचा कारभार पाहिला, न्यायनिवाडे केले, महाराज आग्र्याला गेले तेव्हा राज्य सांभाळलं. पण देखाव्यात त्यांच्या हातात बहुतेक वेळा ओवाळणीचं ताट असतं. पलीकडची बाजू तर आपण विसरूनच गेलो आहोत. मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारल्यावर विजापूरच्या दरबारात ज्यांचा शब्द चालत होता त्या बडी बेगम साहिबा, म्हणजे त्याची विधवा. खानाला मोहिमेवर धाडण्याच्या निर्णयात त्यांचा हात होता. म्हणजे प्रतापगडाच्या दोन्ही बाजूंना कारभार जाणणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या दोन बायका होत्या. आपल्याला दिसतात ते शामियान्यातले दोन पुरुष.

दुसरी, सन्मानाने परत पाठवलेली बाई. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचं चित्र तुमच्यातल्या अनेकांनी शाळेच्या भिंतीवर पाहिलं असेल. खाली मान घालून उभी मुसलमान बाई आणि तिला साडीचोळी देऊन परत पाठवणारे महाराज. त्या विशिष्ट प्रसंगाच्या पुराव्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण मोहिमेत बायकांना हात लावू नये ही महाराजांची शिस्त होती, याला त्यांच्या विरोधकांचीही साक्ष आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. मुद्दा वेगळा आहे. ही गोष्ट कुणाची म्हणून सांगितली जाते? परत पाठवणाऱ्याची. त्या बाईला नाव नाही, तोंड नाही, ती परत गेल्यावर तिचं काय झालं हे कुणी विचारत नाही. आणि ज्यांना ही शिस्तच खुपली त्यांच्या लेखीही ती बाई वस्तूच होती. सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’ या पुस्तकात या औदार्याला ‘सद्गुणविकृती’ ठरवलं. शत्रूच्या बायकांना जसं वागवलं जातं तसं आपणही वागवायला हवं होतं, असा त्या युक्तिवादाचा रोख आहे. एकाने तिला परत पाठवलं म्हणून तो थोर, दुसऱ्याच्या मते तिला परत पाठवलं ही चूक. दोन्ही वाक्यांत कर्ता पुरुष आहे आणि बाई कर्म आहे.

तिसरी, आपल्याच माणसाने मारलेली बाई. जतच्या पलीकडे, विजापूरजवळ ‘साठ कबर’ नावाची जागा आहे. एका चौथऱ्यावर रांगेने एकसारख्या कबरी. दंतकथा अशी की, या मोहिमेतून आपण परतणार नाही असं भाकीत झाल्यावर अफजलखानाने आपल्या ६३ बायकांना ठार केलं. आपल्यामागे त्या दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून. ही कथा खरी मानायला भक्कम आधार नाही, ते खानदानी कब्रस्तानही असू शकतं. पण दंतकथाही काही शिकवते. पर्यटक तिथे जातात, खान किती क्रूर होता म्हणतात, फोटो काढतात. आपल्यातले काही जण कथा खोटी आहे म्हणून तावातावाने भांडतात. त्या कबरी कुणाच्या, त्यातल्या बाया कोण, त्यांची नावं काय, हे दोघंही विचारत नाहीत. एकाला त्या कबरी खानाविरुद्धचा पुरावा म्हणून हव्यात, दुसऱ्याला त्या नाकारायच्या आहेत.

पाठवणारी, सोडलेली, मारलेली. चौथी जागा विधवेची, तिच्याकडे पुढे येते. या चारही जागांवरची बाई पुरुषाबद्दल काहीतरी सांगण्यासाठी उभी केलेली आहे. तो किती मोठा, किती उदार, किती दुष्ट. तिच्याबद्दल काहीच सांगितलं जात नाही.

अजिंक्यताऱ्यावरून पाहिलं तर

आता त्याच साताऱ्यात, संग्रहालयातून मान वर केली तर दिसतो तो अजिंक्यतारा. या एका किल्ल्याच्या गोष्टीत वाघनखांपेक्षा कितीतरी जास्त युद्ध आहे.

१५८० मध्ये विजापूरचा पहिला अली आदिलशाह मारला गेला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या आला आणि त्याच्या वतीने कारभार चांदबीबीकडे आला. दरबारातल्या किश्वर खानाला ते सोसवलं नाही. त्याने तिला पकडून कैदेत टाकलं ते साताऱ्याच्या या किल्ल्यावर. पुढे त्याचीच सत्ता उलथली आणि ती सुटली. नंतर माहेरी, अहमदनगरला, १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात तिने किल्ला लढवला आणि तटाला पडलेलं खिंडार रातोरात बुजवून घेतलं. १६०० मध्ये ती मारली गेली ती मोगलांच्या हातून नव्हे. फितुरीच्या संशयाने पेटलेल्या आपल्याच लोकांनी तिला मारलं. अहमदनगरला डोंगरावरच्या ज्या इमारतीला लोक ‘चांदबीबी महाल’ म्हणतात ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे. त्या शहरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे, पण वेढा लढवलेल्या बाईचं नाव दुसऱ्याच्या कबरीला चिकटून उरलं आहे.

चांदबीबीच्या कैदेनंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी, १६९९ च्या डिसेंबरात, औरंगजेबाने याच किल्ल्याला वेढा घातला. सुरुंग लावले, आणि एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळून सुमारे दोन हजार मोगल सैनिक आपल्याच सुरुंगाखाली गाडले गेले. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये किल्ला पडला, त्याचं नाव ‘आझमतारा’ झालं. आणि तेव्हाच पंचवीस वर्षांच्या ताराराणींनी सूत्रं हाती घेतली. पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, मराठ्यांचं युद्ध त्यांनी चालवलं. पुढे त्यांनाच साताऱ्यात नजरकैदेसारखी वर्षं काढावी लागली. १७६१ मध्ये त्या इथेच वारल्या. संगम माहुलीला कृष्णाकाठी त्यांची समाधी आहे. साताऱ्यात वाघनखं पाहायला आलेल्या किती जणांच्या गाड्या तिकडे वळल्या असतील?

आणि येसूबाई. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगड पडला, त्या आणि लहानगे शाहू मोगलांच्या हाती लागले. येसूबाईंची सुटका झाली १७१९ मध्ये. तीस वर्षं. त्या छावणीत या मायलेकांची काळजी औरंगजेबाच्या लेकीने, झीनतउन्निसाने वाहिली. शाहू महाराजांनी तिची आठवण ठेवली. साताऱ्यातली बेगम मशीद तिच्याच नावाने बांधली असं सांगितलं जातं. एका बाईचा नवरा दुसरीच्या बापाने हाल करून मारलेला, आणि त्या दोघी एकाच छावणीत वर्षानुवर्षं. त्यांच्यात काय बोलणं झालं असेल? यावर कुणी देखावा करत नाही. कारण यात वार नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. वार ही क्षणाची गोष्ट आहे. तो काचेत ठेवता येतो, चित्रात धरता येतो, रीलमध्ये बसतो. कैद ही तीस वर्षांची गोष्ट आहे. वेढ्यातली उपासमार, लुटलेलं गाव, ओलीस ठेवलेलं मूल, परत न आलेल्या नवऱ्याची वाट, हेही लष्करी हिंसेचेच भाग आहेत, आणि ते मुख्यतः बायांच्या वाट्याला येतात. संग्रहालय फक्त हत्यार मांडतं तेव्हा ते नकळत हिंसेची व्याख्याच छोटी करून टाकतं. हत्यार ज्याच्या हातात होतं त्याचीच तेवढी गोष्ट उरते.

मग बाईच्या हातात तलवार दिली की झालं?

यावर एक सोपं उत्तर येतं: बायकांनाही लढताना दाखवा. चांदबीबीला घोड्यावर बसवा, ताराराणींचा पुतळा करा. करावंच. पण तेवढ्याने काम होत नाही, आणि सातारा हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

हा सैनिकांचा जिल्हा. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ आहे. आपल्यातल्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल, त्या काळी मराठा पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांच्या वेगळ्या कंपन्या असत. मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात या पलटणी अडकल्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये उपाशी शरण गेल्या. समोर फौज होती ती तुर्की खलिफाची. दख्खनी मुसलमान शिपाई इंग्रजांच्या बाजूने खलिफाविरुद्ध लढत होता, आणि त्याच्या बाजूला खंदकात मराठा शिपाई होता. हा इतिहास आपण मांडत नाही, कारण तो कुणाच्याच घोषणेत बसत नाही.

स्तंभावर ४६ हा आकडा आहे. त्यामागे किती विधवा राहिल्या, त्यांना पेन्शन मिळाली का, कितींना दिराच्या घरात दिवस काढावे लागले, याचा आकडा कुठल्याच दगडावर नाही. सरकारी भाषेत आज त्यांना ‘वीरनारी’, ‘वीरमाता’ म्हणतात. शब्द आदराचा आहे, पण तो बाईला पुन्हा पुरुषाच्या मरणाशीच बांधून ठेवतो. साताऱ्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण घेऊन सप्टेंबर २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्या जिद्दीला सलामच. पण लहान मुलं पदरात असताना नवरा गमावलेल्या बाईची आपण दखल कधी घेतली? तिने वर्दी घातल्यावर. जिने वर्दी घातली नाही, रोजंदारी करून मुलं वाढवली, तिचा फोटो कुठे लागला?

आपल्या समाजाच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी समोर आल्या, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपांवर त्यांचा फोटो फिरला. मलाही अभिमान वाटला. पण त्या अभिमानात एक सुटकेचा निःश्वासही होता: आता तरी आपल्याकडे बोट दाखवणार नाहीत. काही दिवसांतच मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याने त्यांना दहशतवाद्यांची बहीण म्हणावं अशा अर्थाचं भाषण केलं, उच्च न्यायालयाला गुन्हा नोंदवायला सांगावं लागलं. म्हणजे वर्दीतली मुसलमान बाई आपल्यासाठी निष्ठेचा दाखला झाली आणि त्यांच्यासाठी शत्रूची बहीण. ती स्वतः, आपल्या कामात वर्षानुवर्षं मुरलेली अधिकारी, पुन्हा बाजूलाच राहिली. आणि मोहिमेचं नावच कुंकवावरून ठेवलेलं. विधवेचं दुःख युद्धाचं कारण म्हणून पुढे करता येतं. युद्ध झाल्यावर विधवेचं ऐकून घेणं मात्र कुणाला जमत नाही.

बाईच्या हातात हत्यार देऊन चौकट मोडत नाही. ती मोडते, गोष्ट कुठून सांगायची हे बदलल्यावर.

आपल्या भिंतीवर काय आहे?

इथपर्यंत तुम्ही मान डोलावत वाचलं असेल, कारण बोट दुसरीकडे होतं. आता आपल्याकडे वळू.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात जे झालं त्याची ठिणगी मोबाइलवरच्या स्टेटसची होती. टिपू, औरंगजेब. सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या शेजारी, साताऱ्याच्या खटाव तालुक्यात पुसेसावळीला, समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीपर्यंत पोचला आणि एका निरपराध तरुणाचा जीव गेला. हल्ला करणाऱ्यांची जबाबदारी हल्ला करणाऱ्यांचीच, त्यात एक शब्दाचीही सूट नाही. स्टेटस हा गुन्हा असलाच तरी त्याची शिक्षा जमाव देऊ शकत नाही. पण स्टेटस ठेवणाऱ्या आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मी विचारू इच्छिते: तुला औरंगजेबाबद्दल काय माहीत आहे? झीनतउन्निसा माहीत आहे? तू फोटो ठेवलास तो इतिहासावरच्या प्रेमाने, की त्यांच्याकडे एक तलवारवाला आहे म्हणून तुलाही एक हवा होता? कमानीवरचं चित्र तुला सांगतं की तू हरलेल्या खानाचा वंशज आहेस. तू रागाने ते मान्य करतोस आणि आपला एक जिंकणारा बादशहा शोधतोस. चित्र लावणाऱ्याने आखलेल्या मैदानात तू आपणहून उतरतोस.

मोहल्ल्यातल्या बयानांतही हेच. खालिद बिन वलीद यांच्या तलवारीवर तासभर ऐकलं आहे. रुफैदा अल-असलमिया यांच्यावर किती ऐकलं? खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआझ यांना उपचारासाठी पैगंबरांनी रुफैदांच्याच तंबूत ठेवायला सांगितलं, आणि तो तंबू मशिदीत होता. युद्धाच्या आठवणीत तलवारीइतकीच त्या तंबूचीही जागा होती. ती आपण कमी केली, दुसऱ्या कुणी नाही.

आणि किंमत कोण मोजतं? मिरजेत २००९ नंतर मी हे जवळून पाहिलं. पोरं पकडली गेली, त्यात दगड मारणारी होती आणि दूध आणायला गेलेलीही होती. मग कोर्टाच्या तारखा. आमच्या गल्लीतल्या एक खाला मुलाच्या तारखेसाठी शिलाईचं काम टाकून सांगलीला जायच्या, वकिलाची फी भागवायला त्यांनी आधी बांगड्या आणि मग मशीनच विकलं. त्यांच्या मुलीची शाळा सुटली, कारण ‘वातावरण ठीक नाही’. दंगलीच्या कुठल्याही फोटोत खाला नाहीत. फोटोत दगड हातात घेतलेला पोरगा आहे.

दुसरीकडे काय केलं गेलं

हे बदलता येतं. बोस्नियात स्रेब्रेनित्सा इथे जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त मुसलमान पुरुष आणि मुलगे, केवळ ते पुरुष आहेत म्हणून, वेगळे काढून मारले गेले. तिथलं पोटोचारीचं स्मारक उभं राहिलं ते मुख्यतः त्यांच्या आया आणि बायकांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून लढा दिला म्हणून. हाडं ओळखायला त्यांनी आपलं रक्त दिलं, खिशातल्या वस्तू ओळखल्या. हिरोशिमाच्या संग्रहालयातली सर्वात लक्षात राहणारी वस्तू विमान किंवा बॉम्ब नाही, एका लहान मुलाची जळालेली तीनचाकी सायकल आहे. अमृतसरच्या फाळणी संग्रहालयात एक फुलकारीचं जाकीट आणि एक बॅग आहे, निर्वासित छावणीत पुन्हा भेटलेल्या जोडप्याची. या वस्तूंनी कुणाचं शौर्य कमी झालं नाही. फक्त पाहणारा बाहेर येताना मूठ आवळून येत नाही.

मग करायचं काय

साताऱ्याच्या संग्रहालयाकडे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. वाघनखांचं प्रदर्शन अन्य शहरांतही फिरवायचं ठरलं होतं. ती जिथे जातील तिथे शेजारी एक फलक असावा: प्रतापगडानंतर खानाचं दफन कसं झालं, बडी बेगम कोण, जिजाऊंनी तेव्हा कोणता कारभार पाहिला. अजिंक्यताऱ्यावर आणि संग्रहालयात चांदबीबी, ताराराणी, येसूबाई, झीनतउन्निसा या चौघींची गोष्ट एका दालनात सलग मांडावी. दोन हिंदू, दोन मुसलमान, आणि चौघीही एकाच शतका-सव्वाशतकाच्या लढायांत भरडलेल्या आणि तरी कर्त्या. जिल्ह्यात वीरपत्नी कितीतरी आहेत, त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. त्या आज बोलू शकतात, वीस वर्षांनी नाही.

पण संग्रहालयाची वाट पाहत बसायचं कारण नाही. या मजकुराच्या वाचकांत निम्म्या मुली आहेत असं मी धरून चालते. आपल्या नानीला, दादीला विचारा: १९४८ मध्ये हैदराबादकडून लोक आले तेव्हा काय ऐकलं? १९७१ मध्ये ब्लॅकआउट असायचा का? २००९ ची ती रात्र कशी काढली? मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. कुणाच्या घरात पलटणीतल्या आजोबांचं पदक असेल, तर त्याच्याबरोबर आजीने मनिऑर्डरची वाट किती पाहिली तेही लिहा.

आणि आमच्या मिरजेत या सगळ्याचं एक जितंजागतं उत्तर आहे, ते आपल्या लक्षात येत नाही. सतारमेकर गल्लीतली घराणी मूळची शिकलगारांची. तलवारींना धार लावणं, हत्यारं उजळणं हा त्यांचा धंदा. राजवटी बदलल्या, हत्यारांची मागणी संपली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तेच हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळवले. आज देशातल्या मोठमोठ्या गायकांच्या मागे मिरजेचा तंबोरा वाजतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिरांनी मर्दानगी गमावली असं मला तरी कुणी म्हणताना ऐकू आलं नाही.

वाघनखं पाहायला जरूर जा. महाराज आपलेही आहेत, रांगेत संकोचाने उभं राहू नका. फक्त काचेसमोरून हलायच्या आधी सोबतच्या लहान भावाला एक प्रश्न विचारा: या दिवशी संध्याकाळी दोन्ही छावण्यांतल्या घरी खबर पोचली, तेव्हा दार कुणी उघडलं असेल?